आयरिश शोबँड: दारावरच्या गल्ल्यावर उभा राहिलेला संगीताचा धंदा

आयर्लंडच्या शोबँडबद्दल बोलणं निघालं की दोनच सूर लागतात. काही जण म्हणतात, काय ते सोन्याचे दिवस होते! बाकीचे म्हणतात, दुसऱ्यांची गाणी वाजवणारे नकलाकार, त्यांचं कसलं कौतुक? दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची वीस वर्षं या छोट्याशा देशात गावोगावी सात-आठ जणांचे बँड शेकड्यांनी उभे राहिले. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री ते हजार-हजार माणसांना नाचवत होते. मग थोड्याच वर्षांत त्यातले बहुतेक बंद पडले. वाजवणारे अचानक बेसूर झाले नव्हते, लोकांनीही नाचणं सोडलं नव्हतं. हे असं का झालं, ते शोधायला स्टेजपेक्षा हॉलच्या दाराशी उभं राहिलेलं बरं.

आधी काय होतं ते बघू. १९४० च्या दशकात नाचाला ऑर्केस्ट्रा असायचा. क्लॉनमेलचा मिक डेलाहंटी, मिचेल्सटाउनचा मॉरिस मुलकाही ही त्यातली मोठी नावं. दहा-बारा वादक, काळे सूट, प्रत्येकाला खुर्ची आणि प्रत्येकापुढे नोटेशनचा स्टँड. नजर कागदावर, त्यामुळे समोर नाचणाऱ्यांना फक्त वादकांच्या डोक्यांचा भांग दिसायचा. उत्तरेकडे टिरोन परगण्यातल्या स्ट्रबेन गावच्या क्लिपर कार्ल्टन या बँडनं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे स्टँड बाजूला सारले आणि सगळे उभे राहिले. रात्रीच्या मध्यावर ते गाजलेल्या गायकांची वेशभूषा आणि लकबींसकट नक्कल करायचे. नाचणारे थांबून स्टेजपाशी गर्दी करायचे. शोबँडमधला ‘शो’ तो हाच.

उभं राहणं ही वरवर साधी गोष्ट वाटते, पण तिनं सगळा व्यवहार बदलला. कागद गेला म्हणजे गाणं तोंडपाठ हवं. तोंडपाठ करायचं तर प्रत्येक वाद्याची स्वतंत्र गुंतागुंतीची ओळ चालणार नाही, सगळ्यांच्या कानाला पटकन धरता येईल अशी बांधणी हवी. म्हणून चार सॅक्सोफोन आणि तीन ट्रम्पेटच्या जागी एक ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, एक टेनर सॅक्स एवढंच उरलं. सोबत लीड गिटार, बेस, ड्रम, पियानो किंवा ऑर्गन आणि एक देखणा, दमदार गायक. माणसं कमी झाल्यानं दरडोई वाटणी वाढली. आकडा सात-आठवर स्थिरावण्यामागे संगीत होतं आणि हिशेबही.

आता हॉल. १९३५ च्या कायद्यानं आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचाला न्यायालयाचा परवाना सक्तीचा केला होता. बॉलरूममध्ये दारू मिळत नसे. मिळायचा तो चहा, सँडविच, लेमोनेड, संत्र्याचं सरबत, आणि ते विकणाऱ्या काउंटरला ‘मिनरल बार’ म्हणत. मुलांना मुली आणि मुलींना मुलं भेटण्याची, तीही धर्मगुरूंच्या नजरेखाली का होईना पण राजरोस, हीच एक जागा होती. मुलं एका भिंतीला, मुली समोरच्या भिंतीला, मधे मोकळी लाकडी फरशी. हॉलचे मालक हे पक्कं ओळखून होते. त्यांनी गावात महागडी जागा घेण्याऐवजी दोन-तीन गावांच्या मधल्या तिठ्यावर, शेताच्या कडेला जमीन घेतली. चार भिंती, लोखंडी कैच्यांवर पत्र्याचं छप्पर, पुढे झगमगीत दर्शनी भाग आणि बाजूला गाड्या-सायकलींसाठी प्रशस्त आवार. खर्च करायचा तो फरशीवर. मेपलसारखं कठीण लाकूड, खाली थोडी लवचीक बैठक, आणि वर नाच सुरू होण्याआधी भुरभुरलेली मेणाची पूड. पूड कमी पडली की बूट अडखळतात, जास्त झाली की जोडपी घसरून पडतात. चांगला मालक हे काम स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्यायचा.

या धंद्यात सगळ्यात पुढे होते रूस्की गावचे रेनॉल्ड्स बंधू, जिम आणि अल्बर्ट. त्यांच्या हॉलची नावं वाचली तरी तो काळ समजतो: क्लाउडलँड, ड्रीमलँड, फेअरीलँड, लेकलँड, रोझलँड, जेटलँड. हाच अल्बर्ट रेनॉल्ड्स पुढे १९९२ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. नाचाच्या हॉलचा मालक देशाचा पंतप्रधान होतो, यावरून हा धंदा किती मोठा आणि किती मुरलेला होता ते कळतं.

रात्रीचा क्रम ठरलेला असे. नऊच्या सुमारास दार उघडलं की आधी स्थानिक ‘रिलीफ बँड’. मुख्य बँड अकराच्या आसपास चढायचा आणि दोनपर्यंत उतरायचा नाही. गाणी तीन-तीनच्या जोडणीत: तीन जलद, तीन संथ, मग तीन वॉल्ट्झ, मधेच जाइव्ह किंवा ट्विस्ट. तीन गाणी झाली की थोडी उसंत. मुलगा मुलीला तिच्या जागी सोडतो किंवा धीर करून सरबताला विचारतो. जोडणीतली तिन्ही गाणी एका लयीची असणं फार महत्त्वाचं. मधेच लय बदलली तर अर्धी जोडपी फरशी सोडतात, आणि फरशी एकदा रिकामी झाली की ती पुन्हा भरायला दहा मिनिटं जातात. म्हणून अनुभवी बँडलीडर समोरच्या गायकापेक्षा लोकांच्या पायांकडे जास्त बघायचा. मधे एकदा ‘लेडीज चॉइस’, म्हणजे मुलींनी मुलांना विचारायचं. आणि शेवटी राष्ट्रगीत, सगळे ताठ उभे.

रविवार हा सगळ्यात मोठा दिवस आणि सोमवार सुट्टीचा. बरीचशी तालीम व्हायची ती याच सोमवारी. गाणी यायची कुठून? रेडिओ लक्झेंबर्गवरून, रात्री, मध्यम लहरींवर, आवाज चढत-उतरत. कुणीतरी ते टेपवर घ्यायचं. मग रीळ मागे-पुढे करत आधी बेसची ओळ काढायची, कारण ती सापडली की कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सापडतात. त्यानंतर शब्द, आणि शेवटी ब्रासची, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांची, बांधणी. मूळ रेकॉर्डवर व्हायोलिनचा ताफा असेल तर त्याची जागा ट्रम्पेट, सॅक्स, ट्रॉम्बोन या तिघांनी भरून काढायची. ट्रम्पेटला वरचा सूर, सॅक्सला मधला, ट्रॉम्बोनला खालचा. तिघं मिळून एक अख्खी कॉर्ड, एकही माणूस जास्तीचा नाही. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात ‘अगदी रेकॉर्डसारखं’ वाजवणाऱ्यांचे कष्ट ज्यांनी पाहिलेत त्यांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

खरी डोकेदुखी पट्टीची, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कुठे धरायचा त्याची. गिटारवाल्याला पांढरी तीन आणि पांढरी सहा प्रिय, कारण तिथे मोकळ्या तारा खणखणीत वाजतात. रॉक अँड रोलची निम्मी गाणी त्याच पट्ट्यांत. पण ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स ही वाद्यं अशी बनवलेली असतात की वादकानं आपला ‘सा’ पांढरी एकवर धरून फुंकला तर प्रत्यक्षात काळी पाच ऐकू येते. म्हणजे बँड पांढरी तीनमध्ये गेला की या दोघांना काळी तीनमध्ये बोटं चालवावी लागतात. तिथे सहा सूर तीव्र. संथ गाण्यात निभतं, पण जलद गाण्यात बोटं अडकतात आणि सूर चढे-उतरे लागतात. ब्रासवाल्यांना हवी काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चार. तिथे गिटारवाल्याला प्रत्येक कॉर्डला आडव्या बोटानं सगळ्या तारा दाबून धराव्या लागतात. मोकळ्या तारांची खणखण जाते आणि तीन तासांत हाताला गोळे येतात. मधे गायक उभा, त्याच्या गळ्याचा तिसराच आग्रह. चांगले बँड गाण्यागणिक तडजोड करायचे: गिटारवर उभं असलेलं गाणं गिटारच्या पट्टीत घ्यायचं आणि ब्रासला फक्त लांब, सोपे सूर द्यायचे, ब्रासवर उभं असलेलं गाणं ब्रासच्या पट्टीत. जे बँड सगळंच एका पट्टीत दामटायचे ते लांबूनही ओळखू येत. नकलाकार म्हणून हिणवणाऱ्यांनी हे काम एकदा करून बघावं.

आवाजाची व्यवस्था आजच्या मानानं तुटपुंजी होती. गिटारसाठी व्हॉक्स एसी-३० सारखा तीस वॅटचा अँप्लिफायर, गाण्यासाठी दोन्ही बाजूंना उभे, सडपातळ स्पीकर-स्तंभ. एकावर एक रचलेल्या स्पीकरचा आवाज वर-खाली कमी आणि आडवा जास्त पसरतो. पत्र्याच्या छपराखाली याचा फायदा मोठा, नाहीतर निम्मा आवाज छपरावर आपटून परत येतो. तरीही एक फसगत ठरलेली. संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये आवाज लावून बघावा तर सगळं घुमतं, म्हणून बँड तिखट सूर कमी करतो. मग हजार माणसं लोकरी कपड्यांत आत येतात, आवाज शोषून घेतात, आणि रात्री अकराला गायकाचे शब्दच कळत नाहीत. जाणते लोक रिलीफ बँडच्या वेळी हॉलच्या मागच्या भिंतीशी जाऊन ऐकायचे आणि त्यावरून आपलं ठरवायचे.

गळ्याला प्रतिध्वनीची जोड हवीच असे. त्यासाठी इटलीचं बिन्सन किंवा इंग्लंडचं वॉटकिन्स कॉपिकॅट. बिन्सनमध्ये फिरत्या चुंबकीय चकतीवर आवाज उमटतो, कॉपिकॅटमध्ये टेपच्या छोट्या गोल फितीवर. फीत स्वस्त, पण रोज तीन तास फिरून झिजते, खरखर वाढते, आणि जिथे सांधा चिकटवलेला असतो तिथे दर फेरीला टक् असा आवाज येतो. जादा फिती बरोबर न घेता निघणं म्हणजे रात्र घालवणं.

सगळ्यात धोक्याची गोष्ट विजेची. आयर्लंडच्या खेड्यांत वीज पोचवण्याचं काम १९४६ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. कितीतरी हॉलचं वायरिंग जेमतेम असायचं. गिटारचा अँप्लिफायर एका सॉकेटवर, माइकचा दुसऱ्यावर, आणि त्यातल्या एकाला अर्थिंग नाही. अशा वेळी दोन यंत्रांच्या पत्र्यांमध्ये विजेचा दाब तयार होतो. गायकाच्या हातात गिटारच्या तारा, आणि ओठ माइकला लागले की तो दाब त्याच्या अंगातून वाट काढतो. त्यात घामानं भिजलेलं अंग. उपाय साधा होता: स्टेजवरचं सगळं एकाच अर्थ असलेल्या सॉकेटवरून घ्यायचं, आणि सुरू करण्याआधी टेस्टरनं माइकची जाळी तपासायची. घाईत हेच राहून जायचं. कॉर्कच्या डिक्सीज या गाजलेल्या बँडचा गायक ब्रेंडन ओब्रायन याला १९७० च्या दशकात स्टेजवरच जबर शॉक बसला होता.

आता दाराकडे येऊ. बँडचा मोबदला दोन तऱ्हांनी ठरे: बांधील रक्कम किंवा दारावरच्या गल्ल्यातला टक्का. नवखे बँड बांधील रकमेवर खूश असत, नावाजलेले निम्म्याहून कमी टक्का ऐकूनही घेत नसत. टक्क्यावर सुपारी घेतली की बँडचा माणूस तिकिटाच्या खिडकीशी उभा. रोलच्या पहिल्या तिकिटाचा नंबर आणि शेवटच्याचा नंबर टिपायचा, वजाबाकी करायची, आणि आत गेलेली डोकी वेगळी मोजून ताळा बघायचा. वापरलेली तिकिटं न फाडता पुन्हा विकली जाणं ही ठरलेली चोरी. म्हणून तिकीट दारातच फाडलं जातंय ना, याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागे.

समजा, १९६० च्या दशकाच्या मध्यावर हजार माणसं आली, तिकीट दहा शिलिंग. वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे गल्ला ५०० पौंड. निम्मा बँडचा, २५०. मॅनेजरचे दहा टक्के गेले, २५. गाडी, पेट्रोल, सामान उचलणारा मदतनीस, एकसारखे मोहेअर सूट, यंत्रांचे हप्ते मिळून आणखी २५ धरू. उरले २००. सात जणांत वाटले तर प्रत्येकी साडेअठ्ठावीस पौंड, एका रात्रीचे. कारखान्यातला कामगार आठवडाभर राबून याच्या निम्म्याच्या आसपास घरी न्यायचा. गावचा सुतार किंवा कारकून नोकरी सोडून ट्रॉम्बोन का धरायचा, ते इथे कळतं.

याच हिशेबात माणसं ३०० करा. गल्ला १५०, बँडचे ७५, मॅनेजरचे साडेसात. पण गाडीला पेट्रोल तेवढंच लागतं, सुटाचा हप्ता तोच, म्हणजे २५ कायम. उरले साडेबेचाळीस, प्रत्येकी जेमतेम सहा पौंड. गर्दी तीस टक्क्यांवर आली तर कमाई एकवीस टक्क्यांवर येते. सात-आठ माणसांच्या बँडचं सगळं भवितव्य या उतारावर उभं होतं. हॉल भरलेला असेपर्यंत तो उतार कुणाला दिसत नव्हता.

वॉटरफर्डच्या रॉयल शोबँडवर हे सगळं घडताना दिसतं. १९५७ मध्ये सुरू झालेला सात जणांचा बँड: मायकल कॉपिंजर सॅक्सवर, जिम कॉनलन गिटारवर, टॉम डनफी बेसवर, गेरी कलन पियानोवर, एडी सलिव्हन ट्रम्पेटवर, चार्ली मॅथ्यूज ड्रमवर, आणि ट्रॉम्बोन वाजवणारा गायक ब्रेंडन बोयर. सुरुवातीला नोकऱ्या सांभाळून वाजवणारे हे लोक कार्लोच्या टी. जे. बर्न या मॅनेजरच्या हाती गेल्यावर पूर्णवेळ या धंद्यात उतरले. बर्ननं हॉलमालकांशी बोलणी केली ती टक्क्यावरच. भरपूर जाहिरात आणि आगाऊ तारखा, एवढ्यावर त्यानं बँड देशभर नेला. २ एप्रिल १९६२ रोजी लिव्हरपूलच्या पॅव्हिलियन थिएटरमध्ये रॉयलचा कार्यक्रम होता आणि त्यांच्याआधी वाजवणारा स्थानिक बँड होता बीटल्स.

लिव्हरपूललाच का? कारण लेंट. ईस्टरच्या आधीच्या त्या साडेसहा आठवड्यांच्या व्रतकाळात आयर्लंडमधले बहुतेक हॉल बंद असत. सेंट पॅट्रिकच्या रात्रीचा तेवढा अपवाद. त्या दिवसांत बँड समुद्र ओलांडून देशाबाहेरच्या आयरिश मजुरांकडे आणि परिचारिकांकडे जायचे: लंडनमध्ये क्रिकलवुडचं गॅल्टीमोर, किल्बर्नचं नॅशनल, आणि नामवंत बँड थेट न्यूयॉर्कला. घरचा धंदा बंद असण्याच्या दिवसांतून परदेशातली बाजारपेठ उभी राहिली.

रेकॉर्ड काढायच्या त्या जाहिरातीसाठी. देश लहान, खप मोजका. पण आठवडाभर रेडिओवर गाणं वाजलं की रविवारी दारावर रांग. १९६५ मध्ये बोयरच्या ‘द हकलबक’नं आयर्लंडमध्ये पहिला क्रमांक गाठला. मूळ गाणं अमेरिकेतलं, १९४० च्या दशकाच्या अखेरचं. पण आयर्लंडमध्ये ते आजही लग्नाच्या मेजवानीत वाजतं ते बोयरचंच म्हणून. त्याच वर्षी कॅपिटल शोबँडचा बुच मूर आयर्लंडतर्फे युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेला गेलेला पहिला गायक ठरला आणि सहावा आला. पुढच्या वर्षी मायामी शोबँडचा डिकी रॉक चौथ्या स्थानावर पोचला. मलिंगारच्या ड्रिफ्टर्सचा जो डोलन १९६९ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. बॅलिमीनाच्या फ्रेशमेन बँडचं समूहगायन तर माझ्या मते या सगळ्यांत सरस. चार-पाच गळ्यांची गुंफण ते प्रत्यक्ष स्टेजवर, विनासायास उभी करायचे.

पडझड आतूनही सुरू झाली. सुरुवातीचे बँड भागीदारीचे होते, सगळ्यांची सारखी वाटणी. नाव झाल्यावर गायक आणि मॅनेजर मालक झाले आणि मागचे पाच-सहा जण पगारी. हॉल भरतोय, गल्ला डोळ्यांसमोर मोजला जातोय, आणि आपल्याला ठरलेला पगार. मग फुटाफूट अटळ. मायामीचे बरेचसे वादक १९६७ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ‘द सँड्स’ काढला. रॉयलमधून बोयर आणि डनफी १९७१ मध्ये निघाले आणि त्यांनी ‘बिग एट’ बांधला. हा नवा बँड वर्षातले सहा महिने लास व्हेगासच्या हॉटेलांत वाजवायचा. मूळ रॉयल त्यानंतर फार टिकला नाही. फुटलेल्या बँडचे दोन बँड होतात, दोघांना तेवढीच माणसं, तेवढीच गाडी लागते, पण नाचायला येणारे तेवढेच राहतात.

बाहेरचा घाव मात्र मोठा होता, आणि तो दारूच्या परवान्यानं घातला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पबनी मागे गाण्याच्या खोल्या काढल्या, हॉटेलांनी नाचाचे हॉल बांधले. तिथे बार होता, गालिचा होता, बसायला टेबलं होती. हॉटेलवाल्याला गल्ला दारावर मिळवायचा नव्हता, तो बारवर मिळत होता. म्हणून प्रवेश स्वस्त किंवा फुकट ठेवणं त्याला परवडायचं. तिठ्यावरच्या हॉलमालकाकडे तिकिटाशिवाय होतं काय? सरबत आणि सँडविच. त्यातच धर्मगुरूंची पकड सैलावली, लेंटची बंदी विरत गेली. मग टर्नटेबलवाला आला: दोन तबकड्या, एक माणूस, मूळ रेकॉर्ड. आठ जणांनी ‘अगदी रेकॉर्डसारखं’ वाजवण्याची गरजच उरली नाही, रेकॉर्डच तिथे वाजत होती. अल्बर्ट रेनॉल्ड्सनं वारं ओळखलं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीला तो हॉलच्या धंद्यातून बाजूला होऊन पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या कारखान्यात उतरला होता.

बँडनी खर्च छाटला तो आधी ब्रासवर. ट्रॉम्बोन गेला, मग ट्रम्पेट. उरलेले पाच-सहा जण ‘कंट्री अँड आयरिश’कडे, म्हणजे अमेरिकी कंट्री वळणाच्या आयरिश गाण्यांकडे, वळले, कारण ती गाणी गिटार, अ‍ॅकॉर्डियन आणि एका गळ्यावर निभतात. कॅसलब्लेनीचा बिग टॉम आणि त्याचा मेनलायनर्स बँड १९६६ पासून याच वाटेनं लोकप्रिय झाला आणि बाकीचे बुडत असताना नाचाचे तंबू भरवत राहिला. त्याचं गाणं शहरातल्या समीक्षकांना कधी पटलं नाही. पण ग्रामीण श्रोत्याला काय हवं आणि किती माणसांत ते देता येतं, हे त्याच्याइतकं नेमकं फार थोड्यांना कळलं.

आणि मग जुलै १९७५. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टॉम डनफी रस्त्यावरच्या अपघातात गेला. अरुंद रस्ते, पहाटेची परतीची गाडी, दमलेला चालक. आठवड्यातून पाच-सहा रात्री असा प्रवास करणाऱ्या या मंडळींच्या उशाशी हा धोका कायम असे. त्याच आठवड्यात, ३१ जुलैच्या पहाटे, मायामी शोबँडचे पाच जण उत्तर आयर्लंडमधल्या बॅनब्रिजचा कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतत होते. बस्कहिलजवळ लष्करी गणवेशातल्या माणसांनी खोटं तपासणी नाकं लावून त्यांची मिनीबस थांबवली आणि त्यांना रस्त्याकडेला रांगेत उभं केलं. ते यूव्हीएफ या, ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या सशस्त्र प्रॉटेस्टंट संघटनेचे लोक होते. त्यातले काही ब्रिटिश लष्कराच्या स्थानिक रेजिमेंटमध्येही होते. गाडीत लपवून ठेवत असतानाच त्यांचा बॉम्ब फुटला आणि त्यांच्यातलेच दोघे मेले. बाकीच्यांनी गोळ्या झाडल्या. गायक फ्रॅन ओटूल, ट्रम्पेटवादक ब्रायन मॅकॉय आणि गिटारवादक टोनी गेराटी जागीच ठार झाले. डेस ली आणि स्टीफन ट्रॅव्हर्स वाचले.

या बँडमध्ये कॅथलिक होते तसे प्रॉटेस्टंटही होते. समोर नाचणाऱ्यांतही दोन्ही असायचे. उत्तरेत या दोन समाजांमध्ये चाललेल्या इतक्या वर्षांच्या हिंसाचारातही नाचाची गाडी सीमा ओलांडत होती, कारण तिला कुणी शत्रू मानत नव्हतं. त्या पहाटेनंतर दक्षिणेकडच्या बँडनी उत्तरेच्या तारखा घेणं जवळजवळ थांबवलं. वर्षानुवर्षं हक्काच्या असलेल्या तारखा गेल्या, आणि आधीच जेमतेम जुळणारा हिशेब उरलेल्यांपैकी कितीतरी जणांचा कायमचा तुटला. डब्लिनच्या पार्नेल चौकात, जुन्या नॅशनल बॉलरूमसमोर, २००७ मध्ये या तिघांचं स्मारक उभं राहिलं.

जे शिकवलं गेलं ते मात्र दुसरीकडे उगवलं. पुढे जगभर गाजलेला गायक व्हॅन मॉरिसन कोवळ्या वयात बेलफास्टच्या मोनार्क्स शोबँडमध्ये सॅक्स वाजवत होता. नामवंत रॉक गिटारवादक रोरी गॅलाघर पंधराव्या वर्षी फाँटाना शोबँडमध्ये गिटारवर होता. त्यानं आयुष्यभर वाजवलेली ती रंग उडालेली १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९६३ मध्ये कॉर्कच्या दुकानातून शंभर पौंडांना घेतली, आणि ती आधी रॉयलच्या जिम कॉनलनची होती असं सांगतात. थिन लिझी या रॉक बँडचा गिटारवादक एरिक बेल ड्रीम्स शोबँडमधून आलेला. रात्री तीन तास न थांबता, कुठल्याही पट्टीत, समोरच्या पायांकडे बघत वाजवण्याची जी तालीम या मुलांना मिळाली ती कुठल्याच शाळेत मिळाली नसती.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘द हकलबक’पासून करा, पण बोयरचा आवाज थोडा बाजूला ठेवून मागचे ब्रास ऐका. ओळ संपते तिथे ते किती छोटे, तुटक सूर टाकतात आणि गायक चालू असताना कसे गप्प बसतात ते बघा. मग फ्रेशमेन ऐका. रेकॉर्डमध्ये या बँडचं फारच थोडं सापडतं. स्टुडिओत दोन-तीन मिनिटांचं एक गाणं, आणि हॉलमध्ये तीन तास. ते तीन तास बहुतेक कुणी टेप केलेच नाहीत.